घाटगावचा नारळ

दाशरथी महापात्रला विचारल्याशिवाय कटकमधल्या त्या कॉलनीतलं कुणी लांबच्या प्रवासाला गाडी काढत नसे. विशाखापट्टणमला लग्नाला जायचं असो की रांचीला मुलीसाठी स्थळ बघायला, आधी दाशरथीच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि तो काय सांगतो ते कान देऊन ऐकायचं. कुठल्या टोलनाक्यावर रांग लांबते, कुठल्या पुलाचं काम निघालंय, कुठल्या ढाब्यावर बायकांना जाण्याजोगा संडास आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ असे. पोटासाठी तो बँकेत नोकरी करायचा, पण जीव सगळा रस्त्यांत. वाटेवरच्या पेट्रोलपंपवाल्यांशी आणि ढाबेवाल्यांशी त्याची अशी सलगी होती, की तशी लोक सोयऱ्याधायऱ्यांशीही ठेवत नाहीत. रोज कुणा ना कुणाला फोन करून हा विचारणार, "काय रे, खड्डे बुजवले का तुमच्याकडचे?"

आणि खरं सांगायचं तर तो चुकत नसे. त्यामुळे त्याच्या अंगात थोडा ताठाही शिरला होता. घरातून निघायची वेळ, चहाला थांबायचं ठिकाण, जेवायचं ठिकाण, सगळं आदल्या दिवशी ठरलेलं. मध्ये कुणाला लघवी लागली तरी याच्या कपाळाला आठी पडायची. बायको कुंतला म्हणायची, "यांच्याबरोबर प्रवासाला जायचं म्हणजे आदल्या दिवसापासून पाणी कमी प्यायचं."

त्या वर्षी कुंतलाच्या भाच्याची मुंज होती राउरकेलाला. कटकहून तिकडे जायला दोन मुख्य रस्ते. एक पाणिकोइलीवरून वळून घाटगाव, केंदुझर असा खाणींच्या मुलखातून जाणारा. दुसरा ढेंकानाल, अनुगुळ, पल्लहडा करत जाणारा. घाटगावच्या रस्त्याचं नाव काढलं तरी दाशरथी तोंड वाकडं करायचा. लोहखनिजाच्या ट्रकांनी त्याची पार चाळण केली होती, रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललेलं, आणि एकदा का ट्रकांची रांग अडकली की माणूस तिथेच म्हातारा व्हायचा. त्यामुळे पल्लहड्याचा रस्ता घ्यायचा, हे त्यानं महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं.

निघायच्या सकाळी गाडीत सामान भरून झालं आणि तळमजल्यावरच्या बिनोदिनी मावशी नारळ घेऊन आल्या. अख्खा, शेंडीचा, वर शेंदूर लावलेला आणि लाल दोरा गुंडाळलेला.

"दाशू, केंदुझरकडेच चाललायस ना? हा आईचा नारळ घेऊन जा बाबा," मावशी म्हणाल्या.

घाटगावच्या तारिणी देवीचा नारळ कुणी हातात दिला तर नाही म्हणायचं नसतं. ओडिशात हे कुणाला शिकवावं लागत नाही. नवस बोललेल्या माणसानं स्वतः घाटगावला जायची गरज नसते. त्या बाजूला जाणाऱ्या कुणाच्याही हातात नारळ द्यायचा. त्याला तिथवर जायचं नसेल तर त्यानं पुढच्याला द्यायचा, नाहीतर वाटेतल्या बसस्टँडवर तारिणीची लाल पेटी असते तिच्यात टाकायचा. असा हातोहात तो आईच्या पायाशी पोचतो. ट्रकवाले, बसवाले, दारू पिऊन गाडी हाणणारेसुद्धा तारिणीचा नारळ मध्येच टाकून देत नाहीत.

"मी त्या रस्त्यानं जात नाहीये," एवढंच दाशरथीनं म्हणायला हवं होतं, म्हणजे मावशींनी दुसरा कुणी शोधला असता. पण त्याला निघायला उशीर होत होता. शिवाय त्यानं मनात हिशेब केला, की ढेंकानालला पेटी आहे, अनुगुळला आहे, टाकू कुठेतरी.

"झुनूचं ऑपरेशन आहे रे," मावशींनी त्याचा हात धरला. "पोटात गाठ आहे. डॉक्टर तारीख मागतायत, पण आईच्या पायाशी नारळ पोचल्याशिवाय मी पोरीला आत पाठवायची नाही. पोचला की मला फोन कर."

झुनू मावशींची एकुलती एक मुलगी. नवरा गेल्यावर मावशींनी उडदाच्या वड्या घालून, विकून तिला शिकवलं होतं. झुनू मागे दारातच उभी होती, ओशाळल्यासारखी. "भाई, आईचं ऐकून घ्या हो, नाहीतर ती मला घरातच मारेल," ती हसून म्हणाली.

दाशरथीनं नारळ कपाळाला लावला आणि मागे डिकीत भाजीच्या पिशवीशेजारी ठेवला.

ढेंकानालला पेटी बसस्टँडवर आणि रस्ता गावाबाहेरून. आत शिरायचं म्हणजे उगाच वेळ मोडायचा, म्हणून अनुगुळ. अनुगुळच्या अलीकडे कोळशाच्या गाड्यांमागे रखडल्यानं ठरलेली वेळ चुकली, म्हणून पल्लहडा. तिथून केंदुझरला फाटा फुटतो, चौकात चार ट्रक उभे असतातच, कुणाच्याही हातात दिला असता तरी चाललं असतं. कुंतलानं आठवणही करून दिली. "अहो, नारळ."

"पुढे देऊ," दाशरथी म्हणाला. जेवायची जागा पुढे ठरली होती. आणि पल्लहड्याच्या पुढे घाटगावकडे जाणारं कुणी भेटणार नव्हतं, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो थांबला नाही. माणूस कधी कधी नुसत्या वेगाच्या नादात पाप करतो, हे त्याला फार पुढे उमगलं.

राउरकेलाला मुंजीच्या गडबडीत नारळ डोक्यातून साफ गेला. मुंजीच्या दुसऱ्या दिवशी मेहुणीनं गरम मंडा पिठा ताटात वाढला, तांदळाच्या पिठाचा, आत गूळ-खोबरं. दाशरथीनं तीन खाल्ले. चौथा उचलताना सहज म्हणाला, "खोबरं काय गोड आहे."

"तुम्हीच तर आणलात," मेहुणी म्हणाली. "डिकीतून भाजी काढताना सापडला. शेंदूर होता, म्हटलं तुमच्या घरच्या पूजेचा प्रसाद असेल, सगळ्यांच्या तोंडी लागू दे."

कुंतलाचा हात ताटातच थांबला. दाशरथीनं चौथा पिठा खाली ठेवला आणि उठून हात धुवायला गेला. बराच वेळ धुतले. बिचाऱ्या मेहुणीला वाटलं, गूळ जास्त झाला.

तरी अजून काही बिघडलं नव्हतं. बाजारातून दुसरा नारळ घ्यायचा, शेंदूर लावायचा, परतीच्या वाटेवर पल्लहड्याला कुणाच्या तरी हाती सोपवायचा, असं नवरा-बायकोचं ठरलं. पण परत निघताना गाडी राउरकेलाच्या बाहेरही पडली नव्हती तोवर मावशींचा फोन आला. फोन गाडीच्या स्पीकरवर होता.

"दाशू, पोचला का रे नारळ? डॉक्टर म्हणतायत, आता थांबण्यात अर्थ नाही."

दाशरथीनं गियर बदलला. मग म्हणाला, "हो मावशी. पोचला."

"तू स्वतः वाहिलास?"

"हो. स्वतः."

तिकडून मावशींच्या रडण्याचा आवाज आला. फोन बंद झाल्यावर कुंतला म्हणाली, "हे काय केलंत?"

"मग काय, पोरीचं ऑपरेशन अडवून ठेवू नारळासाठी?" दाशरथी तिच्यावरच खेकसला. "तिच्या भल्यासाठीच बोललो." आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं त्याला स्वतःलाच ऐकायचं नव्हतं. पल्लहडा आलं आणि गेलं. दुसरा नारळ घेतला गेलाच नाही, कारण एकदा "पोचला" म्हटल्यावर तो घ्यायचा कशाला, याचं उत्तर स्वतःला द्यावं लागलं असतं.

ऑपरेशन छान झालं. गाठ साधी निघाली. मावशींनी अख्ख्या कॉलनीत सांगितलं, की आमच्या दाशूनं वाट वाकडी करून नारळ वाहिला म्हणून पोर वाचली. त्याच्या घरी वड्यांचा डबा आला. जिन्यात भेटतील त्या बायका त्याच्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. दाशरथीला त्या वड्या खायचा धीर होईना. कुंतलानं तर तळल्याच नाहीत, डबा फळीवर मागे सरकवून ठेवला.

आता खोट्याला पाय फुटले. कॉलनीतले लोक विचारायला लागले, "घाटगावच्या रस्त्यानं गेलात म्हणे, कसा झालाय आता?" खराब आहे म्हणावं तर कुठून कुठवर, कितपत, हे सांगावं लागणार. आणि न पाहिलेल्या रस्त्याबद्दल हा माणूस जन्मात बोलला नव्हता. शेवटी गळ्याशी आलं तेव्हा त्यानं उडवून लावलं, "चांगला झालाय. पोटातलं पाणी हलत नाही." दुसऱ्या मजल्यावरचे साहूबाबू त्याच्या भरवशावर नवी गाडी घेऊन तिकडून गेले आणि पुढची स्प्रिंग मोडून आले. दाशरथीला वाटलं, आता हे शिव्या घालणार. पण साहूबाबू म्हणाले, "तुम्ही गेलात तेव्हा चांगला असणार हो, मधल्या पावसानं उखडला असेल." त्या दिवशी दाशरथीला शिव्या हव्याहव्याशा वाटल्या. चोराला कुणी चोर म्हणत नाही, तेव्हा त्याचं जे होतं ते त्याचं झालं.

झुनूचे टाके वाळत आले आणि एका संध्याकाळी मावशी वर आल्या. "नवस फेडायला जायचंय. पोरीला आईच्या पायावर घालायची. तू नेशील ना गाडीतून?"

"आत्ताच कशाला मावशी?" दाशरथी म्हणाला. "तिला दगदग होईल. मीच जाऊन नारळ वाहून येतो की."

"मागच्या वेळी तू नेलास, आता मला नेऊ दे. आणि दगदग कसली? डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, रस्ता चांगला असेल तर जा, हादरे नकोत. मी म्हटलं, आमचा दाशू आत्ताच जाऊन आलाय, पोटातलं पाणी हलत नाही म्हणतो. साहूबाबूंनी गाडी मोडली ते सोड, त्यांना चालवता कुठे येते?"

दाशरथीनं गर्दीचं कारण काढलं, उन्हाचं काढलं. मावशींनी सगळी ऐकली आणि मंगळवार ठरवून निघून गेल्या.

दार लागल्यावर कुंतला म्हणाली, "आत्ता खाली जा आणि सांगून टाका."

"हळू चालवीन गाडी."

"पोरीच्या पोटाला टाके आहेत अहो."

"एव्हाना दुरुस्त झाला असेल रस्ता. फोन करून विचारतो."

फोन मात्र त्यानं केला नाही. घाटगावच्या वाटेवरचा एक ढाबेवाला त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. नंबर काढून तो बसून राहिला. तो काय सांगेल ते ऐकायची हिंमत नव्हती.

मंगळवारी कुंतला आली नाही. "मला मावशींच्या तोंडाकडे बघवत नाही," एवढंच म्हणाली. दाशरथीनं बाजारातून एक नारळ गुपचूप आणला होता, शेंदूर लावून, टॉवेलात गुंडाळून आपल्या सीटखाली सरकवून ठेवला होता. देवळात कुणाचं लक्ष नसताना वाहू, म्हणजे देणं फिटेल, असा त्याचा बेत. मावशींचा नारळ मावशींच्या मांडीवर होता. झुनू त्यांच्या शेजारी मागे बसली, पाठीशी उशी घेऊन.

पाणिकोइलीपर्यंत मोठा हमरस्ता, गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. झुनू किती दिवसांनी घराबाहेर पडली होती. ती शेतं बघत होती, वाटेत दहीबरा खाऊ म्हणून आईला चिडवत होती. "आधी आईचं दर्शन, मग दहीबरा," मावशी म्हणाल्या. दाशरथीही हसला. वळण घेतल्यावरही काही अंतर रस्ता बरा निघाला. त्याला वाटलं, सुटलो.

मग डांबर संपलं. अर्धा रस्ता खोदून ठेवलेला, उरलेल्या अर्ध्यातून जाणारे-येणारे ट्रक, चाकांनी पाडलेल्या चाऱ्या, आणि सगळीकडे तांबडी धूळ. दाशरथीनं गाडी बैलगाडीच्या चालीवर आणली. तरी एक चाक वर चढलं की दुसरं खाली आपटायचं. एका खड्ड्यात गाडी अशी बसली, की त्याच्या सीटखालचा नारळ गडगडत येऊन त्याच्या टाचेला लागला.

"दाशू, हा कुठला रस्ता रे? चुकलास का?" मावशींनी विचारलं.

"थोडंच आहे असं. पुढे चांगला आहे," तो म्हणाला.

त्यानं आरशात पाहिलं. झुनूनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. ओठ घट्ट मिटलेले. आरशात त्याच्याशी नजर भिडली तशी ती म्हणाली, "काही नाही भाई, चालवा तुम्ही. तुम्हाला रस्ता माहीत आहे."

पुढे काय आहे हे त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं गाडी बाजूला घेतली. तिथे चहाची टपरी होती, आणि खाणीकडे परत निघालेल्या रिकाम्या ट्रकांची रांग खोळंबून उभी होती. इंजिन बंद केल्यावर एकदम शांत वाटलं.

"मावशी, पुढे कसा आहे मला माहीत नाही," तो समोर बघतच म्हणाला. "मी या रस्त्यानं आलोच नव्हतो."

"म्हणजे?"

मग त्यानं सगळं सांगितलं. ढेंकानालची पेटी, अनुगुळची पेटी, पल्लहड्याचा चौक, डिकी, मेहुणी, पिठा. सांगताना मधूनच तो म्हणाला, "ऑपरेशन लांबू नये म्हणून बोललो," आणि ते तोंडातून निघताक्षणी त्याला स्वतःचीच शिसारी आली. "नाही. वेळ मोडायचा नव्हता माझा. म्हणून थांबलो नाही."

मावशींनी मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरला. मग त्यांनी विचारलं, "चांगला झाला होता पिठा?"

दाशरथीनं मान डोलावली.

"किती खाल्लेस?"

"तीन."

"माझी पोर तिकडे टेबलावर होती, आणि मी आईला म्हणत होते, नारळ घेतलास ना, आता पोर दे." मावशींचा आवाज चढला नव्हता. "तिनं न घेताच दिली. मी मात्र तुझे पाय धुवायचे बाकी ठेवले होते."

त्या नारळ घेऊन खाली उतरल्या. पदर डोक्यावरून घेऊन धुळीतून ट्रकांच्या रांगेकडे गेल्या. पहिल्याच ट्रकच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी वर पाहत नुसतं म्हटलं, "घाटगाव?"

ड्रायव्हर एक दाढी वाढलेला माणूस होता, लुंगी वर खोचलेली, तोंडात पान. त्यानं पान थुंकलं, हात लुंगीला पुसले आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला. कपाळाला लावला. समोरच्या काचेजवळ तारिणीची तसबीर होती, तिच्याशी आधीचे दोन नारळ होते, त्यांच्याशेजारी नीट बसवला. कुणाचा, कशाचा, काही विचारलं नाही. मावशींनीही त्याचं नाव विचारलं नाही.

दाशरथी सीटखालचा नारळ टॉवेलातून काढून धावत त्यांच्यामागे गेला होता. त्यानंही तो वर केला. ड्रायव्हर हात पुढे करणार, तोच मावशी म्हणाल्या, "त्याचा राहू दे. त्याच्याकडे गाडी आहे."

झुनू टपरीच्या बाकावर थोडी आडवी झाली, चहा प्यायली. टाके ठीक होते, पण दुखत होतं. मग दाशरथीनं गाडी वळवली. ती तेवढी चाळण परत ओलांडायला त्याला जितका वेळ लागला, तितका आयुष्यात कुठल्या रस्त्याला लागला नव्हता. प्रत्येक खड्ड्याआधी तो थांबत होता, उतरून बघत होता, मग चाक घालत होता. त्याचा नारळ शेजारच्या रिकाम्या सीटवर होता, आणि गाडी कलली की तो हात लावून त्याला सावरत होता.

कॉलनीत पोचल्यावर त्यानं झुनूसाठी दार उघडलं. तिनं त्याच्या हाताचा आधार घेतला, पण वर पाहिलं नाही. जिन्याशी साहूबाबू उभे होते. "काय, झालं दर्शन? इतक्या लवकर?" त्यांनी हसत विचारलं. दाशरथीनं तोंड उघडलं, पण त्याआधी मावशीच म्हणाल्या, "रस्ता बंद होता." त्यांनी त्याला झाकलं, आणि तेच त्याला सगळ्यांत जड गेलं.

मुलीला आत बसवून मावशी परत दाराशी आल्या. दाशरथी नारळ हातात घेऊन तसाच उभा होता.

"उद्या जा," त्या म्हणाल्या. "त्याच रस्त्यानं, एकटा जा. वाहून ये."

"हो मावशी."

"आणि आल्यावर मला सांगायला येऊ नकोस," दार लोटून घेता घेता मावशी म्हणाल्या. "मी त्या ट्रकवाल्यालासुद्धा विचारणार नाहीये."